महागडा कार शॅम्पू घ्यावा का? बाटलीवरचं वचन आणि बादलीतलं सत्य

माझे काका-काकू बंगळुरूला जे. पी. नगरमध्ये राहतात. मी मूळची बेळगावची, नोकरीसाठी इथे आले आणि त्यांच्याच घरी राहते. २०२३ च्या दसऱ्याला काकांनी गडद निळ्या रंगाची नवी गाडी घेतली. त्यानंतर तीन महिन्यांनी घरात एक बाटली आली. एक लिटर कार शॅम्पू, किंमत १,२०० रुपये. बाटलीवर लिहिलं होतं की हा नुसता साबण नाही, गाडी धुता धुता रंगावर संरक्षणाचा थरही चढवतो.

काकूने बाटली हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाली, "अहो, माझ्या केसांचा शॅम्पूसुद्धा एवढा महाग नाही. गाडीला काय कोंडा झालाय?"

काका हसले, पण उत्तर त्यांच्याकडेही नव्हतं. तुमच्याही घरात असा संवाद झाला असेल. दुकानात साधा कार शॅम्पू तीन-चारशे रुपयांना मिळतो, शेजारीच 'वॅक्स', 'सिरॅमिक', 'पेंट प्रोटेक्शन' असे शब्द मिरवणारी बाटली तिप्पट किमतीला उभी असते. मग हे जास्तीचे पैसे खरंच वसूल होतात का? आमच्या घरात या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता दोन महिने गेले, आणि शेवटी जे कळलं ते रंगापेक्षा पाण्याबद्दल जास्त होतं.

गाडीच्या रंगावर आधीच एक पहारेकरी असतो

आधी आपण कशाचं संरक्षण करतो आहोत, ते समजून घेऊया. आजकालच्या गाड्यांचा रंग म्हणजे एकच थर नसतो. पत्र्यावर सर्वात आधी गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग प्रत्यक्ष रंग आणि सर्वात वर पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात. हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन जाडीचे असतात. त्यात क्लिअर कोटचा वाटा जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे तुमच्या डोक्यावरच्या एका केसापेक्षाही बहुधा कमीच.

तुम्हाला दिसणारी सगळी चमक या पातळ थराची असते. ऊन झेलण्याचं कामही तोच करतो, कारण अतिनील किरण शोषून घेणारी द्रव्यं कारखान्यातच त्यात मिसळलेली असतात. त्यामुळे "आमचा शॅम्पू उन्हापासून वाचवतो" असं कुठे वाचलंत तर लक्षात ठेवा, ते काम मुळात क्लिअर कोटचं आहे. शॅम्पूने चढणारा थर इतका नाममात्र असतो की त्यात फार मोठी भर पडत नाही.

मग या थराला त्रास कशाचा होतो? पक्ष्यांच्या विष्ठेतल्या आम्लाचा, झाडांच्या चिकाचा, वाळलेल्या पाण्याच्या पांढऱ्या डागांचा आणि सर्वात जास्त म्हणजे आपल्याच हातातल्या फडक्याचा.

बाटलीत नेमकं काय असतं?

साध्या कार शॅम्पूत मळ सुटा करणारी द्रव्यं, फेस आणि थोडा बुळबुळीतपणा असतो. तो बहुधा उदासीन असतो, म्हणजे ना आम्ल ना अल्कली. बुळबुळीतपणा इथे महत्त्वाचा, कारण त्यामुळे धुळीचे कण रंगावर घासले न जाता घसरून निघतात.

कपडे धुण्याची पावडर मात्र अल्कलीयुक्त असते. भांडी घासायच्या वडीत तर घासण्यासाठीच बारीक खनिज पूड घातलेली असते. तिने गाडी धुणं म्हणजे रंगावर हलका पॉलिश पेपर फिरवण्यासारखंच. भांड्यांच्या लिक्विडने एखाद्या वेळी गाडी धुतली तर रंग लगेच खराब होणार नाही, पण आधी लावलेलं वॅक्स ते तेलकट थर समजून काढून टाकतं.

महागड्या शॅम्पूत यापलीकडे वॅक्स, सिलिकॉन किंवा सिलिकाची पाणी झटकणारी द्रव्यं असतात. वॅक्स बऱ्याचदा कार्नोबाचं असतं, म्हणजे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवर जमणारं मेण. गाडी धुऊन झाली की या द्रव्यांचा काही अंश पृष्ठभागावर चिकटून राहतो. केसांच्या टू-इन-वन शॅम्पूसारखंच हे. मळ धुतला जातो आणि कंडिशनरचा हात मागे राहतो. पण वेगळा कंडिशनर लावल्यावर केस जितके मऊ होतात, तितके टू-इन-वनने होत नाहीत, हे तुम्ही अनुभवलंच असेल. गाडीचंही तसंच आहे.

बॉनेटवर कागदी टेप आणि आमची घरगुती परीक्षा

जानेवारी २०२४ मध्ये एका रविवारी मी काकांना म्हटलं, "काका, भांडण कशाला? परीक्षाच घेऊ या." बॉनेटच्या मधोमध कागदी टेप लावली. उजव्या बाजूला महाग शॅम्पू, डाव्या बाजूला ३५० रुपयांचा साधा. दोन वेगळ्या बादल्या, दोन वेगळी फडकी. पाच आठवडे दर रविवारी हाच कार्यक्रम.

पहिल्याच धुण्यानंतर फरक दिसला. उजवीकडे पाण्याचे गोल, टपोरे थेंब तयार होऊन घरंगळत होते. डावीकडे पाणी पसरून बसत होतं. काकांचा चेहरा खुलला. उजवी बाजू पुसायला सोपी जात होती आणि हात फिरवला तर गुळगुळीत लागत होती. दुरून पाहताना मात्र चमक दोन्हीकडे सारखीच. काकूला विचारलं, तर तिला ओळखता आलं नाही.

पाच आठवड्यांनंतर आम्ही दोन्ही बाजूंना साधा शॅम्पू वापरायला सुरुवात केली. दुसऱ्या आठवड्यात उजवीकडचे थेंब चपटे झाले. तिसऱ्या आठवड्यात दोन्ही बाजू सारख्याच. म्हणजे संरक्षणाचा थर खरा होता, बाटली खोटं बोलत नव्हती. पण तो दोन-तीन आठवड्यांचा पाहुणा होता. आमची ही परीक्षा एका घराची, एका गाडीची. तुमच्याकडे दिवस थोडे कमी-जास्त होतील, पण धुता धुता चढलेला थर महिनोन् महिने टिकेल अशी अपेक्षा ठेवू नका.

आता हिशोब

काकू बेळगावच्या शाळेत गणित शिकवायची. तिने कागद घेतला.

दोन्ही बाटल्या एक लिटरच्या, एका धुण्याला दोन्हींचे ५० मिलिलिटर लागतात. म्हणजे एका बाटलीत २० वेळा गाडी धुता येते. महाग शॅम्पूचा खर्च एका वेळेला ६० रुपये, साध्याचा साडेसतरा रुपये. फरक साडेबेचाळीस रुपयांचा. आठवड्याला एकदा धुतलं तर दोन महिन्यांत, म्हणजे आठ वेळांत, ३४० रुपये जास्तीचे.

आता दुसरा मार्ग. डब्यातलं घट्ट वॅक्स साधारण ६०० रुपयांना मिळतं आणि एका डब्यात पंधराएक वेळा गाडीला लावून होतं. एका वेळेला ४० रुपये. नीट लावलं तर ते एक-दोन महिने टिकतं आणि शॅम्पूतल्या वॅक्सपेक्षा जाड बसतं. फक्त त्यासाठी रविवारचा एक तास आणि थोडे दंड दुखवायची तयारी हवी.

"म्हणजे हे जास्तीचे पैसे चमकेचे नाहीत, आळसाचे आहेत," काकू म्हणाली.

काका म्हणाले, "आळसाचे नाही गं, वेळेचे."

खरं सांगायचं तर दोघंही बरोबर होते. तुमच्याकडे तास असेल तर साधा शॅम्पू आणि डब्यातलं वॅक्स ही स्वस्त आणि मस्त जोडी. नसेल तर महाग शॅम्पू ही सोय आहे, आणि सोयीचे पैसे देण्यात गैर काही नाही. फक्त ते सोयीचे पैसे आहेत हे माहीत असावं.

ओरखडे येतात कुठून?

परीक्षेतून एक गोष्ट अशी निघाली जी आम्ही शोधतच नव्हतो. एका रात्री पार्किंगच्या दिव्याखाली काकांनी बॉनेट पाहिलं आणि ते चमकलेच. दोन्ही बाजूंना कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे! गडद रंगावर ते जास्तच दिसतात. महाग शॅम्पूची बाजूही त्यातून सुटली नव्हती.

कारण सोपं होतं. रविवारी आम्ही धुवायचो, पण बाकीचे सहा दिवस आमच्या इमारतीतल्या अठरा गाड्या पुसायला एक अण्णा येतात. कलबुर्गीकडचे. पहाटे पाचला येतात, गाडीमागे महिन्याला ५०० रुपये घेतात. त्यांच्याकडे एक बादली आणि जुन्या बनियनचं एक फडकं. पहिल्या गाडीची धूळ त्या फडक्यातून अठराव्या गाडीपर्यंत प्रवास करायची. बंगळुरूत सगळीकडे बांधकाम, म्हणजे ती धूळ म्हणजे जवळजवळ वाळूच.

यात अण्णांना बोल लावण्यात अर्थ नव्हता. त्यांना दुसरं फडकं आम्ही कुणी कधी दिलंच नव्हतं. १,२०० रुपयांची बाटली आणणाऱ्या घराने ८० रुपयांचं मायक्रोफायबरचं फडकं आणलं नव्हतं. काकूने दुसऱ्याच दिवशी चार फडकी आणून आमच्या गाडीसाठी वेगळी ठेवली.

तेव्हा तुम्हीही शॅम्पूच्या आधी या गोष्टींवर खर्च करा:

• दोन बादल्या ठेवा. एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी.
• मायक्रोफायबरची तीन-चार फडकी ठेवा. टायर-चाकांचं फडकं रंगाला लावू नका. जमिनीवर पडलेलं फडकं धुतल्याशिवाय वापरू नका.
• कोरडी धूळ कधीही कोरड्या फडक्याने झटकू नका.
• वरून खाली या. टप, काचा, बॉनेट, दरवाजे आणि शेवटी खालचा चिखलाचा भाग.
• सावलीत, पत्रा थंड असताना धुवा. उन्हात शॅम्पू वाळून डाग पडतात.
• पक्ष्याची विष्ठा दिसली तर रविवारची वाट पाहू नका. ओलं फडकं पाच मिनिटं त्यावर ठेवा, मऊ झाल्यावर अलगद उचला. खरवडू नका.

बंगळुरूत शेवटचा सल्ला विशेष महत्त्वाचा. इथे रस्तोरस्ती मोठी झाडं आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये टॅबेबुयाच्या गुलाबी फुलांचा सडा पडतो. फोटोला फार सुंदर, पण ओली फुलं आणि चिक गाडीवर वाळला की निघता निघत नाही.

आणि मग पाणीच संपलं

आमची परीक्षा संपायला आणि शहरातलं पाणी संपायला एकच गाठ पडली. मार्च २०२४ चा बंगळुरूचा उन्हाळा कुणी विसरणार नाही. शहरातल्या सुमारे १४ हजार बोअरवेलपैकी ६,९०० आटल्याचं मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी त्या महिन्यात सांगितलं. टँकरचे दर इतके भडकले की जिल्हा प्रशासनाला ते ठरवून द्यावे लागले. पाच किलोमीटरच्या आत १२ हजार लिटरचा टँकर १,००० रुपयांना.

८ मार्चला बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने आदेश काढला: पिण्याच्या पाण्याने गाड्या धुणं, बागेला घालणं, बांधकामाला वापरणं बंद. मोडलं तर ५,००० रुपये दंड, पुन्हा मोडलं तर रोज ५०० रुपये जादा. त्याच महिन्यात २२ घरांकडून १ लाख १० हजार रुपये वसूल झाल्याची बातमी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा तसाच आदेश निघाला.

काकूचा कागद पुन्हा बाहेर आला. आमच्या इमारतीतल्या नळाला पाइप लावला तर १५ लिटरची बादली मिनिटभरात भरते. आठवड्यातून एकदा अण्णा प्रत्येक गाडीवर बारा मिनिटं पाइप धरायचे. म्हणजे एका गाडीला १८० लिटर. अठरा गाड्यांना ३,२४० लिटर. चार आठवड्यांत जवळजवळ १३ हजार लिटर, म्हणजे एका मोठ्या टँकरपेक्षा जास्त. शंभर किलोमीटरवरून उपसून आणलेलं कावेरीचं पाणी आम्ही पार्किंगमध्ये सांडत होतो.

इमारतीच्या बैठकीत ठराव झाला, गाड्या धुणं बंद. आणि त्याच ओघात कुणीतरी म्हणालं, "मग अण्णांनाही दोन-तीन महिने नको म्हणून सांगा."

बाकी सगळे माना डोलवत होते. काकूने फक्त विचारलं, "त्यांच्या घरचा किराणाही दोन-तीन महिने बंद करायचा का?" बैठकीत शांतता पसरली.

पाच लिटरमध्ये गाडी

त्या रात्री मी गाडी कमीत कमी पाण्यात कशी धुता येईल ते शोधत बसले आणि एका वेगळ्या प्रकारच्या महाग शॅम्पूपाशी येऊन थांबले. त्याला रिन्सलेस वॉश म्हणतात, म्हणजे धुऊन काढावा न लागणारा. तो जवळजवळ फेस करत नाही. त्यातली द्रव्यं धुळीच्या कणांभोवती आवरण तयार करतात, कण फडक्यात उचलले जातात आणि वरून पाणी ओतावं लागत नाही. पाच लिटर पाण्यात एक-दोन टोपणं एवढंच प्रमाण.

पाणी कुठून आणायचं? पिण्याचं तर वापरायचं नाही. शेजारच्या तीन घरांत एसी होते. एसीतून ठिबकणारं पाणी आम्ही डब्यात साठवलं. रोज दोन-तीन लिटर जमायचं. त्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे डाग पडत नाहीत. आरओ फिल्टरमधून बाहेर टाकलं जाणारं पाणीही घेतलं, पण ते चाकांसाठी आणि खालच्या भागासाठी. त्यात क्षार नेहमीपेक्षा जास्त असतात, रंगावर वाळलं तर पांढरे ठिपके उमटतात. बंगळुरूच्या बोअरचं पाणीही जड असतं, तिथेही हाच त्रास.

अण्णांना मी कन्नडमध्ये समजावून सांगितलं. बेळगावची असल्याचा फायदा! ते आधी हसले. म्हणाले, "अक्का, फेस नाही, पाणी नाही, मालक म्हणतील पुसलीच नाही." मग आमच्याच गाडीवर करून दाखवलं. फडक्याच्या आठ घड्या, एक पॅनल पुसलं की घडी बदलायची, गोल न फिरवता सरळ रेषेत हात, मागोमाग कोरडं फडकं. पाच लिटरमध्ये गाडी झाली. अण्णांनी हात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "उद्या सात नंबरची करतो."

अठरापैकी तेरा घरं तयार झाली. प्रत्येकाने आपापली चार फडकी दिली, शॅम्पूची बाटली वर्गणीतून आली. पाच घरांनी नको म्हटलं. अण्णांच्या कमाईतले ते २,५०० रुपये पावसाळ्यापर्यंत बुडाले, पण बाकीचे ६,५०० टिकले.

एक सावधगिरी मात्र घ्या. गाडी चिखलाने माखलेली असेल तर ही पद्धत वापरू नका. आधी चिखल पाण्याने उतरवावाच लागतो, नाहीतर तोच घासला जाईल.

धुतलेलं पाणी जातं कुठे?

फेसाबद्दल बंगळुरूकरांना सांगायची गरज नाही. बेळ्ळंदूर आणि वर्तूर तलावांचा फेस रस्त्यावर उडताना अख्ख्या देशाने पाहिला आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये तर बेळ्ळंदूर तलावाला आग लागली होती. त्यातला मोठा वाटा प्रक्रिया न केलेल्या सांडपाण्याचा आणि घरोघरच्या डिटर्जंटचा. गाडीच्या शॅम्पूचा वाटा त्यात चिमूटभर असेल. तरी रस्त्यावर धुतलेल्या गाडीचं पाणी पावसाळी नाल्यात आणि नाल्यातून तलावात जातं, हे खरं आहे. जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छ, हा समज इथे तरी सोडून देऊया.

मग घ्यायचा की नाही?

तुमच्या सोयीसाठी थोडक्यात:

• गाडी जुनी आहे, रोज उघड्यावर उभी असते, बजेट बेताचं आहे: साधा, उदासीन कार शॅम्पू पुरेसा. वाचलेले पैसे फडक्यांवर आणि वॅक्सच्या डब्यावर खर्च करा.
• वॅक्स लावायला वेळ नाही, पण गाडी नियमित धुतली जाते: संरक्षण देणारा शॅम्पू घ्या. महिन्यातून दोनदा तो आणि एरवी साधा, असंही चालतं.
• गाडीला आधीच वॅक्स किंवा सिरॅमिक कोटिंग केलं आहे: उदासीन शॅम्पूच वापरा. कोटिंगवर वॅक्सवाला शॅम्पू वापरला तर वॅक्सचा थर कोटिंगचा गुण झाकून टाकतो.
• रंग मॅट आहे: वॅक्सवाला शॅम्पू नकोच. डागडाग चमक येते.
• पाण्याची टंचाई आहे: चकाकीची बाटली सोडा, रिन्सलेस घ्या. इथे जास्तीचा पैसा खरा वसूल होतो.
• कुठलाही शॅम्पू आधी पडलेले ओरखडे भरून काढत नाही आणि पुढचे ओरखडे अडवत नाही. तसं लिहिलं असेल तर बाटली खाली ठेवा.
• बाटलीची किंमत पाहू नका. एका धुण्याला किती मिली लागतं ते पाहून एका वेळेचा खर्च काढा.

आणि पावसाळ्यात एक गोष्ट नक्की करा. बंगळुरूत २००९ पासून मोठ्या प्लॉटवरच्या घरांना पावसाचं पाणी साठवणं कायद्याने बंधनकारक आहे. पहिल्या सरींचं घाण पाणी जाऊ द्या, मग साठलेलं पाणी गाडीच्या शेवटच्या धुण्याला वापरा. त्यात क्षार नसल्यात जमा, म्हणून डाग पडत नाहीत. एकही रुपया न देता मिळणारं हे संरक्षण आहे.

काकांची १,२०० रुपयांची बाटली अजून अर्धी आहे. बेळगावला जायच्या आधी ते त्यातून गाडी धुतात, कारण पावसात काचेवरून आणि बॉनेटवरून थेंब घरंगळताना पाहायला त्यांना आवडतं. काकू आता काही म्हणत नाही. ती फक्त पाण्याच्या दोन बादल्या मोजून देते, आणि तिसरी मागितली तर म्हणते, "तिसरी टँकरवाल्याकडून आणा."

अण्णांकडे आता अठराच्या अठरा गाड्या आहेत. शिवाय समोरच्या इमारतीतल्या सहा. तिथल्या मालकांना ते पहिल्याच दिवशी सांगतात, "फडकं तुमचं द्या."